दोन-तीन आणि दोन-सहा

पहाटे साडेपाच

कोंबड्यांना लस द्यायची तर उजाडायच्या आत गावात पोचावं लागतं. एकदा खुराडं उघडलं की कोंबड्या उकिरडे, परसदारं, शेजाऱ्यांची अंगणं अशा पांगतात आणि सांजेपर्यंत कुणाच्या हाती लागत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या खल्लारच्या रस्त्यालगतच्या एका वस्तीवर आम्ही पशू दवाखान्याची माणसं उतरलो तेव्हा अंधार होता. पौषातला गारठा काळ्या मातीतून वर येत होता. परिचराच्या हातात बर्फाचा डबा, त्यात लासोटा लसीच्या कुप्या. ही लस जिवंत, पण सौम्य विषाणूची असते. पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते आणि तोवर गार ठेवावी लागते, म्हणून हे दिवस आमच्या कामाला सोयीचे.

बाया खुराड्यात हात घालून एकेक पिल्लू माझ्याकडे देतात. मान किंचित तिरपी करायची, एक थेंब डोळ्यात सोडायचा, पिल्लानं पापणी मिटून उघडली की खाली ठेवायचं.

"मानमोडी होऊ नाई म्हून घालता ना वं बाई हे?" एका आजीनं विचारलं. राणीखेत रोगाला इकडे मानमोडी म्हणतात.

"हो आजी, त्याच्यासाठीच."

"मंग डोयात काहून? सुई काहून नाई?"

प्रश्न नेमका होता. पेशीची बाहेरची बाजू गुळगुळीत नसते. तिच्यावर साखरेच्या रेणूंच्या लहान लहान साखळ्या उभ्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळ साखळ्यांच्या अगदी शेवटी सायलिक आम्ल नावाची एक खास साखर असते. नऊ कार्बनची, ऋण विद्युतभार वागवणारी. डोळ्याच्या आतल्या अस्तरावर, नाकात, घशात, श्वासनळीत ती दाट असते. राणीखेतचा विषाणू तिलाच धरून पेशीत शिरतो. लसीतला सौम्य विषाणूही तिलाच धरतो, आणि म्हणून रोग जिथून शिरतो तिथंच प्रतिकारशक्ती तयार होते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू अगदी वेगळ्या कुळातला. पण तोही धरतो ती हीच साखर.

आजींना मी एवढंच सांगितलं, की रोग डोळ्या-नाकातून शिरतो, म्हणून औषधही तिथंच. त्यांना ते पटलं. पिल्लं थोडी मोठी झाली की सुईही देऊ, हेही सांगितलं.

थेंब घालताना मी संरक्षक चष्मा लावते आणि सोबतच्या पशुधन पर्यवेक्षकांनाही लावायला सांगते. लासोटाचा शिंतोडा उडाला तर माणसाचा डोळा दोन-चार दिवस लाल होतो, चिकटतो आणि आपसूक बरा होतो. मोठं काही होत नाही. पण कोंबडीचा विषाणू माणसाच्या अंगात रुजायला जागा शोधतो तेव्हा घशाआधी डोळा का गाठतो, हे ज्याला कळलं त्याला बर्ड फ्लूचं अर्धं कोडं कळलं, असं मला वाटतं.

सकाळी आठ

परतताना बनोशात चहा घेतला. इथल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ गवतात गेले आहेत, पण लोक अजूनही पत्ता सांगताना स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे असंच सांगतात. दोन्ही बाजूंनी कपाशीची शेवटची वेचणी आणि तुरीची सोंगणी चालू. हा सारा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूगर्भातलं पाणी खारट, त्यावर ओलीत करता येत नाही. पाऊस आणि जमिनीत मुरलेली ओल यावर जे पिकेल ते. अशा घरात बाईच्या हाती रोख पैसा येतो तो बकऱ्या-कोंबड्यांतून. पोराची फी, पाहुण्याची खातिरदारी, दवाखान्याचं भाडं, सगळं खुराड्यातून निघतं. दहा कोंबड्या मेल्या ही बातमी वर्तमानपत्राला क्षुल्लक वाटेल. त्या घराला तशी नसते. गावात फिरताना मी हे कधी विसरत नाही.

सकाळी नऊ

दवाखान्याच्या आवारात जनावरं बांधलेली. बकरीला हगवण, बैलाच्या खांद्याला सूज, एक गाय कासदाहाची. कासदाहाला लोक दगडी म्हणतात, आणि हात लावला की ते नाव खरं वाटतं. दुधात गाठी होत्या. तपासणीचं द्रावण घातलं तर दूध लगेच घट्ट झालं. औषध चालू केलं.

गायवाले काकाजी मोबाइल पुढे करत म्हणाले, "मॅडम, अमेरिकेत गाईले बर्ड फ्लू झाला म्हन्ते. पक्ष्याचा रोग गाईले कसा होईन?"

खरं आहे ते. मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्ससमधल्या दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. गाई खोकून हैराण झाल्या नव्हत्या. त्यांचं दूध आटलं आणि उरलं ते चिकासारखं पिवळं, दाट झालं. दुधात विषाणू ठासून भरलेला. गोठ्यातल्या ज्या मांजरांनी ते कच्चं दूध प्यालं त्यांतली अनेक मेली. दूध काढणाऱ्या काही मजुरांचे डोळे लाल झाले.

पक्ष्याचा विषाणू कासेत का गेला, याचं उत्तर त्या साखरेच्या सांध्यात आहे. सायलिक आम्ल सुटं नसतं. ते पुढच्या गॅलॅक्टोज नावाच्या साखरेला जोडलेलं असतं. त्याचा दुसऱ्या क्रमांकाचा कार्बन गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनकडे जोडला गेला तर तो दोन-तीन जोड. सहाव्याकडे जोडला गेला तर दोन-सहा. साखर दोन्हीकडे तीच. सांध्याची जागा तेवढी बदलते. पण दोन-तीन जोडाची साखळी सरळ उभी राहते आणि दोन-सहाची वळून झुकते, आणि विषाणूला हा फरक कळतो. बदकांच्या आतड्यात, कोंबड्यांच्या श्वासनळीत दोन-तीन भरपूर, म्हणून पक्ष्यांचे फ्लू विषाणू दोन-तीनला धरतात. माणसाच्या नाका-घशात दोन-सहाचं राज्य, म्हणून माणसांत फिरणारे फ्लू दोन-सहाला धरतात. गाईच्या कासेत दूध तयार करणाऱ्या पेशींवर दोन-तीन दाट निघाली. गाईच्या शरीरात पक्ष्याच्या विषाणूला ओळखीची जागा मिळाली ती तिथं.

काकाजींना मी इतकं सगळं सांगितलं नाही. "कासेत त्या रोगाले धरायले जागा हाय," असं त्यांच्याच बोलीत सांगितलं, आणि दूध उकळूनच प्यायचं हे पुन्हा बजावलं. उकळीत हा विषाणू टिकत नाही. कासदाहाच्या गाईचं दूध वासरालाही नको, मांजरालाही नको.

एक गोष्ट मला पशुवैद्यक म्हणून फार जवळची वाटते. हे सायलिक आम्ल स्वीडनच्या गुनार ब्लिक्स यांनी १९३६ साली पहिल्यांदा वेगळं काढलं ते गुरांच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीतून. त्या वेळी इन्फ्लुएन्झाशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. रोज सकाळी ज्या जबड्याखाली मी हात लावून गाठी तपासते, तिथल्या बुळबुळीत लाळेत जगातल्या साथींचं एक मूळ सूत्र दडलेलं होतं.

सव्वाअकरा

तालुक्यातल्या एका गावातून फोन. एका घरच्या कोंबड्या दोन दिवसांत पटापट मेल्या, उरलेल्या दोन सुस्त बसल्यात. गावाचं नाव इथं लिहीत नाही. अहवाल यायच्या आधी गावाचं नाव बाहेर गेलं की आठवडी बाजारात त्या गावच्या माणसाकडून कुणी भाजीही घेत नाही.

गाडी गावाबाहेर उभी केली. अंगभर संरक्षक पोशाख, दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा, बुटांवर प्लॅस्टिक. पोरं जमली, त्यांना पर्यवेक्षकांनी लांब थांबवलं. घरच्या बाईंनी मेलेल्या कोंबड्या टोपल्याखाली झाकून ठेवल्या होत्या. शहाण्या. शेजारी त्यांना नाल्यात फेकून द्या म्हणत होते. ते त्यांनी ऐकलं नाही.

तुरे निळे-काळे पडलेले, डोळ्याभोवती सूज. एकीची मान पाठीवर वळलेली. आठवड्यापूर्वी बाजारातून एक नवी कोंबडी आणली होती, पहिली तीच गेली.

"मानमोडीच असन ना बाई?"

बहुतेक तीच असेल. मान वळणं, बाजारातली नवी कोंबडी, लस न दिलेलं खुराडं, सगळं राणीखेतकडे बोट दाखवतं. पण एच५एन१ मध्येही माना वळतात, तुरे निळे पडतात, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही वेगळे ओळखणारा पशुवैद्यक अजून जन्मायचा आहे. म्हणून शंका घ्यायची आणि नियमाप्रमाणे वागायचं. जागेवर कोंबडी फाडून पाहायची नाही. श्वासनळीतून आणि गुदद्वारातून कापसाच्या काडीवर नमुने घ्यायचे, ते द्रवाच्या नळीत बंद करायचे, एक मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फात. बाकीच्यांसाठी खोल खड्डा आणि चुना. खुराड्यावर जंतुनाशकाची फवारणी.

खड्डा खणून होईपर्यंत मी परसदार पाहत होते. कडेला कुसळीचं गवत वाळून उभं होतं, आणि माझ्या पोशाखाच्या पायाला कुसळं टोचून बसली होती. विषाणूचं चिकटणं मला या कुसळांसारखं वाटतं. एक कुसळ झटकलं की पडतं. शंभर बसली की लुगडं फाटेल पण निघणार नाहीत. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे शेकडो काटे असतात. एका काट्याची एका साखरेवरची पकड अगदी दुबळी असते, इतकी की रसायनशास्त्रज्ञ एरवी अशा पकडीला मोजतही नाहीत. पण शेकडो काट्यांनी शेकडो साखरा एकाच वेळी धरल्या की सुटका नसते. मग पेशी आपणहून विषाणूला पोटात घेते, आतल्या पिशवीतलं आम्ल वाढतं, त्या आम्लानं काट्याचा आकार बदलतो आणि विषाणूचा आतला ऐवज पेशीत उतरतो. एच५एन१ कोंबड्यांत इतका घातक का, तर त्याचा काटा वापरायोग्य करणारी कात्री शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत असते. सौम्य वाणांना लागणारी कात्री फक्त श्वासमार्गात आणि आतड्यात सापडते.

उकिरड्यावर दोन डुकरं होती. वर तारेवर कावळे. घरात मांजर. या दारात कोंबडी, कावळा, डुक्कर, मांजर आणि माणूस अशी पाच शरीरं हाताच्या अंतरावर नांदतात, आणि प्रत्येकात साखरेच्या सांध्यांची मांडणी निराळी. डुकराच्या श्वासमार्गात दोन-तीन आणि दोन-सहा दोन्ही सापडतात, म्हणून पक्ष्याचा आणि माणसाचा फ्लू एकाच डुकरात भेटू शकतात आणि आपल्या जनुकांची अदलाबदल करू शकतात. २००९ची स्वाइन फ्लूची साथ डुकरांत झालेल्या अशाच मिसळणीतून निघालेल्या विषाणूची. भारतातला तिचा पहिला बळी त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला.

मांजराच्या कुळात फुप्फुसात खोलवर दोन-तीन असते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ असल्याचं कळवलं, तेव्हा विदर्भातल्या आम्हा पशुवैद्यकांची झोप उडाली होती. बाईंना मी सांगितलं, मांजर बांधून ठेवा, मेलेल्या कोंबडीजवळ गेलं होतं का ते आठवून सांगा.

"याचे पैसे भेटतीन काय?" त्यांनी विचारलं.

खरं ते सांगितलं. आपसूक मेलेल्या पक्ष्यांची भरपाई नसते. बर्ड फ्लू ठरला आणि सरकारनं पक्षी मारले, तर मारलेल्यांची मिळते. पुष्कळ लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो लवकर कळवणाऱ्याला झुकतं माप देणारा वाटतो, कारण ज्यानं पहिल्याच दिवशी फोन केला त्याचे जास्त पक्षी भरपाईच्या हिशेबात येतात. पण मग ती भरपाई हातात वेळेवर पडलीच पाहिजे. ती लांबली की पुढच्या वेळी कोंबड्या नाल्यात जातात किंवा रातोरात बाजारात. २००६च्या फेब्रुवारीत नवापुरात देशातला पहिला एच५एन१ सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात पोचला होता. विषाणू पंखांवरून येतो आणि गाड्यांतूनही येतो. त्याला गाठायचं असेल तर खुराड्यातल्या बाईचा आपल्यावर विश्वास हवा.

पावणेदोन

भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी. पंचनामा, नमुन्यांचा फॉर्म, जिल्हा कार्यालयाला फोन. हात किती वेळा धुतले ते सांगत नाही.

दुपारी तीन

महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या मुलामुलींशी बोलायचं आधीच ठरलं होतं. बहुतेक सगळी आसपासच्या गावांतून एसटीनं येणारी. फळ्यावर मी दोन साखरा काढल्या, एक सरळ, एक वळलेली, आणि गोष्ट १९४१पासून सुरू केली.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या इन्फ्लुएन्झाचा द्रव काढत होते. अंड्यातली एक रक्तवाहिनी तुटली, रक्त द्रवात मिसळलं आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या कुणी तो द्रव वाया गेला म्हणून टाकून दिला असता. हर्स्टनी ओळखलं, की विषाणू एका पेशीला एका बाजूनं आणि दुसरीला दुसऱ्या बाजूनं धरतोय. त्याच वर्षी टोरांटोत मॅकक्लेलंड आणि हेअर यांनाही तेच दिसलं. आजही अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत, भोपाळात, कुठंही, कोंबडीच्या तांबड्या पेशी खळग्यांच्या थाळीत टाकून हीच परीक्षा होते. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बटणासारख्या गोळा होतात. असेल तर जाळीसारख्या पसरून राहतात. विद्यार्थिनी असताना मी ती जाळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढ्या सूक्ष्म गोष्टीचा पुरावा साध्या डोळ्यांना दिसतो याचंच मला नवल वाटलं होतं.

हर्स्टनी आणखी एक गोष्ट टिपली. थोडी ऊब दिली की गुठळ्या सुटतात, आणि सुटलेल्या पेशींना नवा विषाणू घातला तरी त्या पुन्हा जमत नाहीत. म्हणजे विषाणू जाता जाता साखरच कापून टाकतो. ही दुसरी कात्री, विषाणूची स्वतःची, म्हणजे न्यूरामिनिडेज. तिच्याशिवाय विषाणूचं भागत नाही. नाकातल्या शेंबडात सायलिक आम्ल भरलेलं असतं. तिथंच तो अडकून बसला असता. आणि पेशीतून बाहेर पडणारी नवी पिल्लावळही त्याच पेशीच्या साखरेला चिकटून राहिली असती. ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू हे औषध, ही कात्रीच बंद पाडतं. एच५एन१ या नावातला एच म्हणजे धरणारं प्रथिन आणि एन म्हणजे कापणारं. वर्गातल्या काही मुलींनी हे ऐकताना वहीत मान न घालता थेट फळ्याकडे पाहिलं. तिथं मला थांबावंसं वाटलं, आणि मी थांबलेही.

१९८१ साली विली, स्केहेल आणि विल्सन यांनी त्या काट्याची रचना क्ष-किरणांनी उलगडली. १९८३ मध्ये रॉजर्स आणि पॉलसन यांनी दाखवलं, की माणसांचे आणि पक्ष्यांचे विषाणू वेगवेगळ्या सांध्यांची साखर निवडतात. मग कळलं ते अंगावर काटा आणणारं आहे. काट्याच्या टोकाशी साखर बसण्याची जी खाच आहे, तिथली दोन अमिनो आम्लं बदलली की निवड उलटते. १९५७ आणि १९६८च्या साथींच्या विषाणूंत २२६व्या आणि २२८व्या जागी असे बदल होते. १९१८च्या विषाणूत वेगळ्या दोन जागा होत्या. २००७ साली अमेरिकेत, प्रयोगशाळेत पुन्हा उभ्या केलेल्या १९१८च्या विषाणूच्या काट्यातली दोन अमिनो आम्लं पक्ष्यांच्या धाटणीची केली, तर तो फेरेट नावाच्या प्राण्यांत रोग करत राहिला, पण एकाकडून दुसऱ्याकडे हवेतून पसरायचा थांबला. लाखो घरं उजाड करणारी साथ आणि एकट्यापुरता आजार यांच्यामध्ये दोन अमिनो आम्लांचं अंतर.

"मॅडम, आपल्या इकडं असं काही सापडलं आहे का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

सापडलं आहे, आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेळघाटातल्या कोरकू गावांत लहान मुलांच्या श्वसनाच्या आजारांची पाहणी चालू होती. शोध मुख्यतः आरएसव्ही या दुसऱ्याच विषाणूचा होता. दीड वर्षाच्या आतल्या एका मुलाला ताप, खोकला आणि धाप होती. त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेला आणि निघाला एच९एन२, कोंबड्यांचा फ्लू. भारतात माणसात नोंदलेला हा पहिला एच९एन२. मूल बरं झालं. घरात कोंबड्यांशी संबंध आल्याची नोंद मिळाली नाही. वडील आठवडाभरापूर्वी एका धार्मिक मेळाव्याहून परतल्यावर तसेच आजारी पडले होते.

मुलं एकदम गप्प झाली, कारण मेळघाट म्हणजे परतवाड्यापुढे दिसणारे डोंगर. मी त्यांना सांगितलं, की एच९एन२ आशियातल्या कोंबड्यांत गुपचूप फिरतो. कोंबड्या फारशा मरत नाहीत म्हणून कुणी फोन करत नाही. आणि त्याच्या अनेक वाणांत त्या २२६व्या जागी आधीच ल्युसीन येऊन बसलेलं आहे, जे दोन-सहाला धरायला मदत करतं. गाजावाजा एच५एन१चा होतो. मला स्वतःला या शांत विषाणूची जास्त काळजी वाटते.

"पण मग साथ का येत नाही?"

कारण साखर धरणं ही पहिली अट आहे, एकमेव नव्हे. आत शिरल्यावर माणसाच्या पेशीच्या यंत्रणेत स्वतःच्या प्रती काढता आल्या पाहिजेत. खोकल्याच्या तुषारात काटा टिकला पाहिजे. लोकांच्या अंगात जुन्या फ्लूंमुळे तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकवता आली पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, की गाईंमधल्या एच५एन१च्या काट्यात २२६व्या जागी एकच बदल केला तर तो माणसाच्या साखरेला धरू लागतो. त्यांनी तो प्रयोग जिवंत विषाणूवर नव्हे, नुसत्या प्रथिनावर केला. म्हणजे पहिली अट वाटली होती तितकी कठीण नाही. बाकीच्या अटी अजून उभ्या आहेत.

एच५एन१ माणसाला होतो तेव्हा जीवघेणा ठरतो आणि तरी पसरत नाही, तेही याच सांध्यामुळे. माणसात दोन-तीन असते ती फुप्फुसाच्या अगदी तळाशी, वायुकोशांत. विषाणू तिथं पोचला तर घाव खोल, पण तिथून खोकल्यावाटे बाहेर पडणं अवघड. २००३पासून जगात ९००हून जास्त माणसांना तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. आणि दोन-तीन असते डोळ्याच्या अस्तरावर. सकाळच्या चष्म्याचं कारण ते.

सव्वापाच

उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून त्या घरची माहिती दिली. घरातली माणसं किती, मेलेल्या कोंबड्यांना कुणी हात लावला, दहा दिवस ताप, खोकला आणि डोळ्यांची लाली यांवर लक्ष. पशूंचा दवाखाना आणि माणसांचा दवाखाना यांच्यात हा निरोप कागदावर जातोच, पण मी स्वतः जाते. समोरासमोर दोन शंका विचारल्या जातात ज्या कागदावर कुणी विचारत नाही.

तिथून निघताना १९१८ मनात येतं. त्या वर्षीची साथ जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली, आणि पावसाळा संपताना दुसरी लाट आली ती कितीतरी घातक. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेलेला. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हे देशातल्या सगळ्यात होरपळलेल्या प्रांतांत होते. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. महाराष्ट्रानं त्याही साथीला मानमोडीच म्हटलं. डॉक्टर तेव्हा जिवाणूला दोष देत होते. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडायला १९३३ उजाडलं. त्या माणसांना कशाशी लढतोय हेच माहीत नव्हतं. आपल्याला सांध्याचा क्रमांकसुद्धा माहीत आहे. एवढं माहीत असून कोंबडी नाल्यात फेकली गेली तर तो दोष विषाणूचा नाही.

संध्याकाळी सात

नमुन्यांचा डबा तयार. आतली नळी, तिच्याभोवती शोषणारा कापूस, दुसरा घट्ट डबा, मग बर्फाचा बाहेरचा डबा, वर चिठ्ठी. परिचर तो घेऊन अमरावतीला निघाले. तिथून पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि गरज पडली तर भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे. बर्ड फ्लूवर शेवटचा शब्द भोपाळचा. तो होकारार्थी आला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या माराव्या लागतील आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी करावी लागेल. मी उद्याच्या कागदावर दोन्ही वर्तुळांत कोणती गावं येतात ते आजच लिहून ठेवलं. राणीखेत निघाली तर त्याच यादीचा उपयोग लसीकरणासाठी.

रात्री साडेनऊ

कोंबड्या मेलेल्या घरच्या त्या बाईंचा फोन.

"बाई, नातवानं काल मेलेली कोंबळी उचलली होती म्हन्ते. आत्ता सांगतलं त्यानं. मी त्याले साबणानं आंघोय घातली."

छान केलंत, म्हटलं. ताप आहे का? नाही. डोळे लाल? नाही. खोकला? थोडा, पण तो गारठ्याचा असेल, त्या म्हणाल्या. असेलही. पण तो असेलच असं मी म्हटलं नाही. सकाळी आशाताई येऊन तपासतील, ताप आला तर वाट न पाहता उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि कोंबडी उचलली होती हे डॉक्टरांना आधी सांगा, एवढं समजावलं. अंडी? टोपलीत आहेत ती तशीच राहू द्या. विकू नका, खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. अहवाल आला की सांगते. उरलेल्या दोन कोंबड्यांना पाणी ठेवलंय, एक उठून प्यायली, असं त्यांनी सांगितलं.

"तुमी येसान ना उद्या?"

आठच्या आत येते म्हटलं. आशाताईंना निरोप पाठवला, पर्यवेक्षकांना मास्कचा आणखी एक खोका गाडीत टाकायला सांगितला आणि मुलाचं वय नोंदवहीत लिहून घेतलं.